रस्ता आपला आहे

चुकीच्या जागी लावलेली गाडी हा नीतिशास्त्राचा विषय होऊ शकतो का? खोटी साक्ष, लाच, विश्वासघात यांच्या रांगेत तिला नेऊन उभं करणं कुणालाही अति वाटेल. कायद्याने तिची किंमत ठरवून टाकली आहे. मोटार वाहन कायद्याच्या १७७व्या कलमाखाली, २०१९च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा सापडल्यास १५०० रुपये. पावती फाडली की हिशोब संपला. तरीही मला वाटतं की ज्या चुकांना आपण चूक म्हणायलाही कचरतो, त्यांच्यात आपल्या नैतिक समजुतीचा खरा कस लागतो. मोठा अपराध करणारा सहसा जाणतो की आपण अपराध करतो आहोत. गाडी आडवी लावून दुकानात शिरणाऱ्या माणसाला आपण काही केलं आहे असंच वाटत नाही.

हा विचार मी करते तो वाईसारख्या गावात राहून. कृष्णेच्या काठचं हे गाव वाडे, घाट आणि आळ्यांचं आहे. गणपती आळी, मधली आळी, रामडोह आळी ही नावंच सांगतात की या वाटा पायी चालण्यासाठी होत्या. फार तर एखादी बैलगाडी जाईल एवढ्या रुंद. त्यातच हे गाव पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्या येतात आणि ढोल्या गणपतीच्या दर्शनाला थांबतात. पण सगळा दोष पाहुण्यांवर ढकलता येत नाही. मंगळवारी सकाळी दहा वाजता, एकही पर्यटक गावात नसताना, बँकेसमोर दुचाकींची दुहेरी रांग असते, भाजीवाल्याशेजारी टेम्पो असतो, आणि आळीच्या तोंडाशी कुणाची तरी पांढरी चारचाकी असते. ती कुणाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. लहान गावातल्या या प्रश्नाचा मोठ्या शहरातल्या प्रश्नाशी असलेला फरक इथूनच सुरू होतो.

आधी शब्दांकडे पाहू, कारण माझा धंदा तो आहे. गाडीसाठी मराठीत दोन क्रियापदं चालतात: गाडी उभी करणे आणि गाडी लावणे. उभी केलेली गाडी पुन्हा निघणार असते. तिच्यात थोडी अस्वस्थता आहे. लावणं वेगळं. आपण झाड लावतो, दिवा लावतो, दाराला कुलूप लावतो. लावलेली वस्तू आपल्या जागी बसलेली असते, तिला तिथे असण्याचा हक्क मिळालेला असतो. हिंदीतही ‘खड़ी करना’ आणि ‘लगाना’ अशी जोडी आहे. सरकारी फलक बहुधा ‘वाहने उभी करू नयेत’ असं म्हणतो; बोलताना मात्र आपण ‘लावतो’. कायद्याला गाडी थांबलेली दिसते, आपल्याला ती रुजलेली.

दुसरा शब्द म्हणजे ‘दोन मिनिटं’. हे वेळेचं माप नव्हे. ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणणारा माणूस किती वेळ लागेल ते सांगत नसतो. माझं काम इतकं लहान आहे की त्याच्या आड तुमचं काम येऊ शकत नाही, असं तो सांगत असतो. दोन मिनिटांचा दावा करणाऱ्याला मागे थांबलेल्या माणसाचीही दोन मिनिटंच जाताहेत हे मान्य असतं. पण त्याच्या मागे आणखी किती जण थांबलेत हे तो मोजत नाही. आणि मागचे लोक काय करत असतात? वाट पाहत असतात. मराठीत थांबणं आणि रस्त्याकडे बघणं यांना एकच शब्दप्रयोग आहे. हिंदीत राह देखना, बंगालीत पथ चेये थाका. आपल्या भाषांनी फार पूर्वीच ओळखलं होतं की माणसाची वेळ आणि माणसाची वाट या दोन वेगळ्या मालमत्ता नाहीत.

वाट कुणी कुणाला द्यायची हा प्रश्नही जुना आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाचे खंड काढले, त्यातला पहिला विषय व्यवहारकांड, म्हणजे न्यायदानाचा. धर्मशास्त्रात रस्त्यावरच्या वागणुकीचे नियम येतात हे अनेकांना ठाऊक नसतं. मनुस्मृतीत रस्ता कुणाला सोडावा याची यादी आहे: चाकांच्या वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझं वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव. याज्ञवल्क्य स्मृतीत जवळपास तीच माणसं आहेत, पण क्रम वेगळा. तिथे वृद्ध सर्वांत आधी येतो, त्याच्यामागे ओझेकरी, आणि चाकांवरचा सगळ्यात शेवटी. हा क्रम वृत्ताच्या सोयीसाठीही असू शकतो. श्लोकात शब्द बसवताना कुणाला आधी ठेवायचं हे मात्रा ठरवतात, हे भाषांतरकाराला सांगावं लागत नाही. तरीही दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की आजचा वाद समोर उभा राहतो. रस्ता आधी चाकांचा की म्हाताऱ्या पायांचा?

कौटिल्याला याद्यांपेक्षा दंडात रस होता. माणसांची आणि लहान जनावरांची वाट अडवली तर १२ पण, मोठ्या जनावरांची अडवली तर २४, हत्तींची किंवा शेताकडे जाणारी अडवली तर ५४. पायी माणसाची वाट सर्वांत स्वस्त, हे तेव्हाही होतं. पण त्याच अर्थशास्त्रात स्मशानाकडे किंवा गावाकडे जाणारा रस्ता अडवणाऱ्याला २०० पण दंड सांगितला आहे. हा आकडा मला फार समजूतदार वाटतो. आळीतून तिरडी न्यायची असते तेव्हा खांदेकऱ्यांना एका रांगेत जाता येत नाही. दोन्ही बाजूंना माणसं लागतात. वाटेत दोन गाड्या समोरासमोर लावलेल्या असल्या की तिरडी वर उचलावी लागते, तिरकी करावी लागते, आणि गाडीवाल्याचा शोध सुरू होतो. लहान गावात राहणाऱ्या कुणाला हे वर्णन नवं वाटणार नाही. ज्याला आता कसलीच घाई नाही, त्याच्यासाठी वाट मोकळी हवी, हे कौटिल्यासारख्या व्यवहारी माणसाला कळलं होतं. योगायोग असा की १८६०च्या भारतीय दंड संहितेनेही सार्वजनिक वाट अडवण्याला कमाल दंड २०० रुपयेच ठेवला होता आणि तो दीडशेहून अधिक वर्षं तसाच राहिला. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ५००० रुपयांपर्यंत गेला.

पण या जुन्या याद्यांमध्ये जे नाहीत त्यांचाही विचार करायला हवा. ज्या समाजाने रस्ता कुणाला सोडावा याची यादी केली, त्याच समाजाने काही माणसांना रस्त्यावर येण्याचीच बंदी केली होती. १९२४ साली केरळात वैकमचा सत्याग्रह झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावं एवढ्यासाठी होता. महाडला १९२७ साली पाण्यासाठी लढावं लागलं, तिथे रस्त्यासाठी. म्हणजे ‘सार्वजनिक रस्ता’ ही आपल्याकडे आयती मिळालेली गोष्ट नाही. कुणीही, कोणतीही ओळख न सांगता, या पट्ट्यावरून जाऊ शकतो, हे तत्त्व माणसांनी मार खाऊन मिळवलं आहे. त्या पट्ट्यावर आपली खासगी वस्तू ठेवून देताना आपण फक्त वाहतुकीचा नियम मोडत नाही. सगळ्यांच्या नावावर झालेल्या थोड्याशा जमिनीपैकी एक तुकडा आपण परत एकाच्या नावावर करतो.

यावर उत्तर येतं: इतकं काय झालं? माझ्या एका स्कूटरने कुणाचं काय अडलं? हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पारफिट याने १९८४च्या आपल्या ग्रंथात नैतिक हिशोबातल्या चुकांवर एक प्रकरण लिहिलं. त्यातला एक काल्पनिक दाखला असा: हजार छळकर्ते आहेत आणि हजार बळी. प्रत्येक छळकर्ता एक बटण दाबतो आणि प्रत्येक बळीच्या वेदनेत इतकी किंचित भर घालतो की ती जाणवतही नाही. हजारांनी बटण दाबल्यावर वेदना असह्य होते. प्रत्येकजण खरेपणाने म्हणू शकतो की माझ्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. पारफिटचं म्हणणं असं की एकट्या कृतीचा परिणाम जाणवत नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही. आपण सगळे मिळून काय करतो आहोत हे विचारावं लागतं. छळाचा दाखला पार्किंगला लावणं अतिशयोक्तीचं आहे, पण हिशोबाची रीत तीच आहे.

आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. वय एक्याऐंशी. हातात वॉकर घेऊन त्या रोज सकाळी घाटापर्यंत जात, नदीकडे थोडा वेळ बघत बसत, गणपतीला हात जोडून परत येत. गेल्या वर्षभरात त्यांनी जाणं बंद केलं. मी विचारलं, “बाई, तब्येत बरी नाही का?” त्या म्हणाल्या, “तब्येतीला काय झालंय? अगं, कडेने चालायला जागाच नाही. मधून चाललं की मागून हॉर्न वाजतो. मग मीच म्हटलं, राहू दे.” कुणी अडवलं का, असं विचारल्यावर त्या हसल्या. “अडवतंय कोण? गाड्याच असतात नुसत्या.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बाईंना अडवणारा माणूस खरंच कुणी नाही. त्यांच्या दारापासून घाटापर्यंतच्या वाटेवर वीस-पंचवीस गाड्या असतील. त्यातली कुठलीही एक काढली तरी त्यांचं जाणं सुरू होणार नाही. म्हणून प्रत्येक गाडीवाला निर्दोष. आणि तरी एका माणसाची सकाळ गेली, नदी गेली, चार ओळखीच्या माणसांशी होणारं बोलणं गेलं. या नुकसानीची पावती कुठेच फाटत नाही, कारण त्या पडल्या नाहीत, त्यांना धक्का लागला नाही, त्यांनी तक्रार केली नाही. त्या फक्त यायच्या बंद झाल्या. रस्त्यावर जो दिसतच नाही, त्याची गैरसोय कुणाला दिसणार? गावात वाहतूक कोंडी झाली की आपण अडकलेल्या गाड्या मोजतो. घरात अडकलेली माणसं मोजत नाही.

आता दुसरी बाजू. गाडी लावणाऱ्याला बेफिकीर म्हणणं फार सोपं आहे, आणि त्यात आपल्या वर्गाचा तोरा लपलेला असू शकतो. दोनशे वर्षांच्या वाड्याला गॅरेज नसतं. बँकेने, दवाखान्याने, मंगल कार्यालयाने आपल्या ग्राहकांच्या गाड्यांची सोय केलेली नसते. नव्या इमारतीला नियमाप्रमाणे वाहनतळ दाखवावं लागतं, पण नकाशावरच्या त्या जागेत पुढे दुकानाचं शटर दिसलं तर लहान गावात कुणाला नवल वाटत नाही. आसपासच्या खेड्यातून दुचाकीवर दुधाचे कॅन किंवा भाजीची पोती आणणाऱ्याला लांबच्या मैदानात गाडी लावून चालत या म्हणून सांगणं हा नुसता उपदेश झाला. जपानने १९६२ साली कायदा केला आणि गाडी ठेवायला जागा आहे असा दाखला दिल्याशिवाय मोटारीची नोंदणीच होऊ नये अशी व्यवस्था आणली. आपल्याकडे गाडीला कर्ज मिळतं, विमा मिळतो, क्रमांक मिळतो. ती रात्री कुठे झोपणार हे कुणी विचारत नाही. म्हणजे व्यवस्थेने माणसाला अशा जागी आणून ठेवलं आहे की काही ना काही चूक केल्याशिवाय त्याचं काम होणार नाही.

हे सगळं मान्य करूनही एक फरक उरतो, आणि माझ्या मते नैतिक प्रश्न त्या फरकातच आहे. अडचण म्हणून वाट अडवणं वेगळं आणि पलीकडे कुणी आहे याची दखलच न घेणं वेगळं. ओळखायचा उपाय सोपा आहे. चारचाकी दुसऱ्याच्या दारापुढे लावावी लागली तर काही जण काचेच्या आत आपला मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवतात. काही जण शेजारच्या दुकानदाराला सांगून जातात, “मी समोर मेडिकलमध्ये आहे, हाक मारा.” दुचाकी मधल्या स्टँडवर सरळ लावली तर ती कमी जागा घेते, साइड स्टँडवर तिरकी लावली तर जास्त. आणि हँडल लॉक न करता गाडी ठेवली, तर ज्याला गरज असेल तो ती हातभर सरकवून पुढे जाऊ शकतो. लॉक न करण्याची ही रीत लहान गावांत सर्रास होती. चोऱ्यांच्या भीतीने ती कमी झाली. यातला प्रत्येकजण नियम मोडतोच आहे. पण त्याने मनात दुसऱ्या माणसाला जागा दिली आहे. रस्त्यावर जागा कमी असते, हे खरं. मनातल्या जागेला नगरपरिषदेची मंजुरी लागत नाही.

मग आपण एकमेकांना सांगत का नाही? इथे लहान गावाचा खास गुंता आहे. मोठ्या शहरात टोइंगची गाडी येते, अनोळखी हात दुचाकी उचलतात, अनोळखी माणूस दंड घेतो. लहान गावात हवालदार तुमच्या मामाचा वर्गमित्र असतो, गाडीवाला तुमच्या मुलाचा क्लास घेत असतो. आपण त्याला बोलत नाही, कारण आपल्याला भीड पडते. भीड या शब्दाने मला भाषांतरात नेहमी छळलं आहे. हिंदी वाचकाला तो गर्दी वाटतो; पण मराठीत भीड म्हणजे दुसऱ्याच्या मनाचा, मानाचा विचार करून स्वतःला आवरणं. हा सद्गुण आहे. पण वाट अडवली जाते तेव्हा तो उलटा चालतो: ज्याने आवरायला हवं त्याला भीड नसते आणि ज्याने बोलायला हवं त्याला ती पुरून उरते. आपण म्हणतो की ओळखीमुळे गावात माणसं जबाबदारीने वागतात. काही बाबतींत ते खरंही आहे. पण ओळख हा परवानाही असतो. “चालतंय की, आपलीच गाडी आहे,” या एका वाक्याने गावातला कुठलाही नियम मऊ होतो.

या ‘आपली’ शब्दापाशी थांबायला हवं. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. आम्ही म्हणजे तुम्हाला वगळून आमच्यातले. आपण म्हणजे तुम्हीही त्यात आलात. गुजरातीत अमे आणि आपणे, तमिळमध्ये नांगळ् आणि नाम्, तेलुगूत मेमु आणि मनम्. हिंदीतल्या हमला आणि बंगालीतल्या आमराला ही सोय नाही. मराठीत ती द्राविड भाषांच्या शेजारामुळे आली असावी असा अभ्यासकांचा तर्क आहे. पण मराठी ‘आपला’ एवढ्यावर थांबत नाही. तो शब्द आणखी दोन कामं करतो. ‘त्याने आपली गाडी लावली’ म्हणताना आपली म्हणजे त्याची स्वतःची. आणि आदराने ‘आपलं नाव काय?’ विचारताना आपलं म्हणजे समोरच्याचं. सगळ्यांचं, स्वतःचं आणि तुमचं: तीन मालक, एकच शब्द.

‘रस्ता आपला आहे’ हे वाक्य म्हणून धोक्याचं आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाला त्यात पहिला अर्थ अभिप्रेत असतो. गाडी लावून जाणारा माणूस दुसरा अर्थ घेतो, आणि त्याला दोन्हींत फरक वाटत नाही; जे सगळ्यांचं, त्यात माझं आलंच की! सार्वजनिक मालमत्तेची आपल्याकडे जी दशा आहे तिचं व्याकरण हे असं आहे. पहिला अर्थ आणि दुसरा अर्थ यांच्यातला झगडा पाट्यांनी मिटत नाही. ‘गेटसमोर गाडी लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी आपण घरोघर वाचतो. तिच्यात दोन ‘माझा’ एकमेकांसमोर उभे आहेत. सगळ्यांचा असलेला रस्ता तिथे कुठेच नाही.

मिझो भाषेत ‘त्लॉमङाइना’ असा एक शब्द आहे. दुसऱ्याला आपला भार होऊ न देणं आणि गरज पडेल तिथे न सांगता पुढे होणं, असं काहीसं त्याचं मराठी होईल. डोंगरउतारावरच्या ऐजॉल शहरात अरुंद रस्त्यांवर गाड्या हॉर्न न वाजवता एका रांगेत थांबतात, हे तिथे गेलेल्या अनेकांनी सांगितलं आहे, आणि तिथली माणसं त्याचा संबंध याच शब्दाशी जोडतात. एका शब्दाने शहर चालत नाही हे मला कळतं. पण ज्या गोष्टीला नाव असतं तिची आठवण करून देणं सोपं जातं. भीड न मोडता, “जरा त्लॉमङाइना असू द्या,” असं तिथे म्हणता येत असेल. आपल्याला तशा वेळी सापडतो तो ‘शिस्त’ हा शब्द, आणि त्यातून छडीचा वास येतो.

आपल्याकडेही एक साधा नियम आहे, ज्यात मला न्यायाची चांगली समज दिसते. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या, विषम तारखेला दुसऱ्या. त्यात कुणाची अडचण नाहीशी होत नाही. ती फक्त वाटून घेतली जाते. आज तुमच्या दुकानापुढे, उद्या माझ्या. आणि प्रत्येक दिवशी एक कड चालणाऱ्यांसाठी मोकळी राहते. हा नियम पाळायला तारीख लक्षात ठेवावी लागते, म्हणजे रोज सकाळी एकदा, गाडी थांबवण्यापूर्वी, आज पाळी कुणाची हे स्वतःला विचारावं लागतं. लहान गावाला उड्डाणपूल नको आहेत. मोकळ्या मैदानात एक वाहनतळ, सम-विषम पाळणारी बाजारपेठ, घाटाकडे जाणारी एक कड कायमची रिकामी, आणि ओळखीच्या माणसाचीही पावती फाडणारा हवालदार, एवढं नगरपरिषदेच्या आवाक्यातलं आहे.

उरतो तो ‘आपला’चा तिसरा अर्थ. अरुंद आळीत दोन माणसं समोरासमोर आली की एक जण भिंतीला टेकून बाजूला होतो आणि हाताने खूण करतो: या. त्या क्षणी रस्ता आपला असतो म्हणजे समोरच्याचा असतो. धर्मशास्त्रांनी याद्या केल्या त्या याच कृतीच्या. फक्त कुणासाठी बाजूला व्हायचं हे त्यांनी जातकुळी, पद आणि वय पाहून ठरवलं. आपल्याला ती यादी नको, पण ती कृती हवी आहे, आणि ती अशा माणसासाठी करायची आहे जो अजून आळीत आलेलाही नाही. समोर दिसणाऱ्याला वाट देणं हे सौजन्य. जो अर्ध्या तासाने येईल, कदाचित वॉकर घेऊन, कदाचित खांद्यावरून, त्याच्यासाठी आत्ता जागा सोडणं हे त्याहून अवघड, कारण आभार मानायला तिथे कुणी नसतं.